नो इश्यू

अपेक्षा: पुन्हा एकदा. नुसता शब्द नको सांगू आत्या, जोडी सांग. ‘इश्यू’च्या आधी कोणतं क्रियापद येते?

रिता: रेझ. रेझ ॲन इश्यू. मुद्दा उचलणे.

अपेक्षा: उपस्थित करणे.

रिता: तेच ते. उचलल्याबिगर उपस्थित कसा होईन?

अपेक्षा: बरं. मुद्दा टाळणे?

रिता: अव्हॉइड द इश्यू. पेटलेला मुद्दा, बर्निंग इश्यू. आन थे पत्त्यावालं, ॲड्रेस द इश्यू. हे मले पटत नाही बाप्पा. ॲड्रेस म्हणजे पत्ता ना? मुद्द्याले पत्ता कायले पाहिजे?

अपेक्षा: तिथं ॲड्रेस म्हणजे मुद्दा सोडवायला हाती घेणे. आमचे सर म्हणतात, इंग्रजी शब्दाला एकट्यानं बघायचं नाही. त्याच्यासोबत कोण उभं आहे त्यावरून अर्थ ठरतो.

रिता: बाईचं बी तसंच आहे म्हणा.

अपेक्षा: आत्या, पेपर पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला आहे. मासिकाचा ताजा अंक?

रिता: लेटेस्ट इश्यू. जुना अंक असन तं बॅक इश्यू. एका शब्दाचे किती धंदे वो अपू! मुद्दा तोच, अंक तोच, रेशन कार्ड देलं तं तेही इश्यूच केलं.

अपेक्षा: अजून एक अर्थ आहे, पण तो सोडून दे. पेपरात येत नाही.

रिता: अंगणवाडीच्या मुख्यसेविकेच्या पेपरात का येईन हे कोणं सांगावं? मागच्या टाइमाले तीन मार्कांनी राहिली मी. सांग.

अपेक्षा: कोर्टाच्या भाषेत येतो. डाय विदाउट इश्यू.

रिता: कोणाशी भांडण न करता मरणे.

अपेक्षा: नाही गं! मूलबाळ नसताना मरणे. तिथं इश्यू म्हणजे अपत्य.

रिता: अपत्य.

अपेक्षा: हो. चल, पुढचा शब्द ‘इंटरेस्ट’. त्याचेही तीन अर्थ आहेत—

रिता: थांब. कोणी ‘नो इश्यू’ म्हटलं तं?

अपेक्षा: काही हरकत नाही. काही भांडण नाही. माझ्या मैत्रिणी दिवसातून दहादा म्हणतात.

रिता: बोलताना नाही. कोर्टाच्या कागदावर लिवलं असन तं?

अपेक्षा: मग... मूल नाही.

रिता: पक्कं?

अपेक्षा: पक्कं. काहून, काय झालं?

रिता: काल फॉर्मले जोडाले तू माह्या घटस्फोटाच्या कागदाचे फोटो काढले ना? नाव बदलल्याचा पुरावा म्हणून. वाचले का?

अपेक्षा: नाही. नुसते फोटो काढले.

रिता: फाइल तिथंच आहे, उशाखाली. अर्ज वाच, हुकुमाच्या मागं लावला आहे. दुसरं पान, खालून तिसरी की चवथी ओळ. वकिलानं तिथंच बोट ठेवलं होतं.

अपेक्षा: ‘देअर इज नो इश्यू बॉर्न आउट ऑफ द सेड वेडलॉक.’

रिता: मराठीत.

अपेक्षा: राहू दे ना आत्या.

रिता: मराठीत सांग.

अपेक्षा: ‘सदर विवाहापासून उभयतांस कोणतेही अपत्य झालेले नाही.’

रिता: झालेले नाही. होऊन वारलं, असं नाही?

अपेक्षा: नाही. ‘बॉर्न’ म्हटलं आहे. जन्मालाच आलं नाही, असा अर्थ.

रिता: सही कोणाची आहे?

अपेक्षा: तुझी. पूर्ण नाव आहे.

रिता: मीच केली. वकील म्हणे, ‘बाई, दोन्हीकडून नो इश्यू लिहिलं आहे, करा सही.’ मी मनात म्हटलं, चला, भैय्यालालनं जाता जाता एवढं तं बरं केलं. लिवून देलं का माह्याशी भांडण नाही, माह्यावर ठपका नाही. तिथं सगळ्या बाया रडत होत्या, मी नाही रडली. चांगल्या वळणदार अक्षरात सही केली. पाय, अजून कशी छान दिसते.

अपेक्षा: आत्या...

रिता: तुले माहीत आहे का मले पोरगी झाली होती?

अपेक्षा: थोडं थोडं. लहान होती मी, पाच वर्षांची असेन. ह्याच छपरीत पाळणा होता. मग एक दिवस पाळणा नव्हता. घरात कोणी बोलत नाही म्हणून मीही कधी विचारलं नाही.

रिता: एकेचाळीस दिवस होती. छातीत कफ झाला. जीप करून नेलं, पण साकोलीच्या रस्त्यातच माह्या मांडीवर थंडी पडली. तिचा बाप एकदाच आला होता, बारशाले. त्याची माय तं पोरगी झाली म्हणून आलीच नाही. पुढं पाच वर्षं काही राहिलं नाही, तवा त्यायनं दुसरी पाहून ठेवली आन मले कोर्टात बोलावलं. पण पोरगी झाली होती, अपू. हे तं कोणी खोटं नाही म्हणू शकत ना?

अपेक्षा: इथं साक्षीदाराचीही सही आहे.

रिता: असन त्याच्याकडल्या कोणाची.

अपेक्षा: दोन आहेत. एक त्यांच्याकडची. दुसरी बाबांची आहे.

धर्मेंद्र: अवं, अजून पुस्तकंच घेऊन बसल्या? अपेक्षा, हे पेढे आत ठेव. समोसे गरमच आणीन म्हटलं वेळेवर. तुही आई अजून शेजारच्या शकुनबाईकडूनच आली नाही का? रिता, थे निळी साडी घाल. सिहोऱ्यावाले तुले पाहाले चार वाजेपर्यंत येतीन. दूरचा रस्ता आहे, त्यांले बसवून ठेवाचं नाही.

रिता: दादा, नो इश्यू म्हणजे का?

धर्मेंद्र: का?

रिता: नो इश्यू. ह्या कागदावर लिवलं आहे, खाली तुही सही आहे.

धर्मेंद्र: हे कायले काढलं आता? शुभ दिवसाले कोणी असे कागद काढते का? अपेक्षा, तुनं काढून देलं?

अपेक्षा: मी फक्त वाचलं, बाबा.

धर्मेंद्र: कोर्टाची भाषा आहे ते. फॉरमॅट असते, सगळ्यांच्याच कागदात तसंच राहते.

रिता: ज्याले पोरं आहेत त्याच्याही कागदात?

धर्मेंद्र: देख रिता, दहा वर्षं झाले. मुर्दे उखडू नको.

रिता: मुर्दा म्हटलं ना आता तू? म्हणजे कोणी तरी होतं.

धर्मेंद्र: शब्द पकडू नको माहे!

रिता: शब्दच तं शिकून राहिली आहो सकाळपासून. वकिलानं तुले विचारलं होतं का, मूलबाळ आहे का म्हणून?

धर्मेंद्र: विचारलं होतं.

रिता: आन तू का म्हटलं?

धर्मेंद्र: भैय्यालाल बाजूलेच बसला होता. तोच म्हणे, ‘नाही.’ वकिलानं माह्याकडं पाह्यलं.

रिता: मंग?

धर्मेंद्र: मी बी मान हलवली. अवं, वकील म्हणे, मूल हयात नाही तं लिहून फायदा का? साहेब चार प्रश्न विचारते, कधी झालं, कशानं गेलं, दाखला आणा. एक तारीख वाढली असती. आन तुही हालत तवा कशी होती? कोर्टाची नोटीस आली तवापासून दोन महिने तू कोणाशी बोलत नव्हती. तुले अजून त्या साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून पोरीबद्दल विचारू देऊ का? मी तुह्या भल्यासाठी केलं.

रिता: मी बाहेरच्या बाकड्यावर बसली होती. दहा पावलावर. उठून येऊन विचारलं असतं तं मी सांगतलं असतं. त्या एका प्रश्नासाठी मी बोलली असती, दादा.

धर्मेंद्र: आता मले काय माहीत!

रिता: लग्नाच्या मेळाव्याच्या पुस्तकातही तूच छापलं. माह्या फोटोखाली. ‘डायव्होर्सी, नो इश्यू.’ थे पान मी कापून ठेवलं आहे, माहीत आहे? मले वाटे, दादानं हजार लोकांत लिवून देलं, माह्या बहिणीत खोट नाही, तिचं कोणाशी भांडण नाही. अंगणवाडीतल्या मदतनीस बाईले दाखवलं मी ते. म्हटलं पाय, भाऊ असा पाहिजे.

धर्मेंद्र: तसंच लिहतेत सगळे. विना अपत्य म्हटलं का लोकं अजून खोलात जातेत. इंग्रजीत बरं दिसते.

अपेक्षा: बरं दिसते?

धर्मेंद्र: तू मधे बोलू नको. कॉलेजात गेली म्हणून बापाले शिकवू नको.

रिता: तिले काहून बोलतं? मले सांग. गावातल्या एकशे चार लेकरांची नावं माह्या रजिस्टरात आहेत. कोणतं कधी जन्मलं, किती वजनाचं, कोणतं कधी गेलं. गेलेल्याचंही नाव मी खोडत नाही, तारीख टाकून ठेवते. दहा वर्षांपासून दर महिन्याले हेच करून राहिली. आन माह्या पोरीचं नाव नाही, तारीख नाही. उलट मीच सही करून देली का ते जन्मलीच नाही.

धर्मेंद्र: मले का दुःख झालं नाही? कोणं नेलं होतं तिले? तुहा नवरा होता का? मीच नेलं होतं तलावाच्या पारीवर. ह्या हातानं माती टाकली. टॉवेलात गुंडाळून नेलं तं वजनच लागत नव्हतं. वाटलं, टॉवेलच घेऊन जाऊन राहिलो. आठ दिवस जेवण गेलं नाही मले. तू विचारलं कधी?

रिता: नाही विचारलं.

धर्मेंद्र: मंग?

रिता: म्हणूनच म्हणते. दुसरा कोणी असता तं मी म्हटलं असतं, त्याले का माहीत. तुले माहीत होतं.

धर्मेंद्र: चल, झाली चूक. पाया पडू का तुह्या? आता उठ. साडी बदल. भुपेंद्र चांगला माणूस आहे. बारा एकर धानाची शेती, घरचा ट्रॅक्टर, दोन पोरं, बायको आजारात गेली. पियत नाही, खात नाही.

रिता: त्याले खरं सांगतलं आहे?

धर्मेंद्र: सगळं सांगतलं.

रिता: पोरीचं?

धर्मेंद्र: तेवढं सोडून सगळं.

रिता: मंग आता तू फोन लाव आन तेवढं सांग.

धर्मेंद्र: पागल झाली का? लोक गाडीत बसून राहिले असतीन!

रिता: म्हणूनच आताच लाव. त्यांचं पेट्रोल कायले जाळतं?

धर्मेंद्र: मी लावत नाही. आन तुलेही लावू देत नाही. अकरा स्थळं पाहून झाले, रिता. अकरा! आता हे हाती लागलं आहे. अपेक्षाले पाहाले येतेत तं आधी विचारतेत, आत्या काहून घरी आहे? तिचं का चुकलं?

अपेक्षा: माझ्या नावावर नको टाकू, बाबा. मले कोणी विचारलं तं मी सांगीन ना, माही आत्या अंगणवाडी चालवते म्हणून.

धर्मेंद्र: सांगजो! तुले लई समजते!

रिता: अपू, त्यांच्या बायोडाट्याच्या मागं नंबर आहे. लाव. स्पीकरवर टाक.

धर्मेंद्र: अपेक्षा, फोन ठेव खाली.

रिता: लाव बेटा. मी सांगून राहिली.

(फोन स्पीकरवर आहे.)

भुपेंद्र: हॅलो? हौ जी, बोला ना. आमी निघूनच राहिलो. मायचं औषध घेवाचं राहिलं, म्हणून थांबलो.

रिता: मी रिता बोलते, दिघोरीवरून. धर्मेंद्रची बहीण.

भुपेंद्र: हौ हौ. नमस्कार जी. काही... तब्येत-बियेत ठीक आहे ना?

रिता: ठीक आहे. तुमी निघाच्या आधी एक सांगाचं होतं. तुमच्याजवळ माहा जो कागद आला, त्याच्यात नो इश्यू लिवलं आहे. ते खोटं आहे. मले पोरगी झाली होती. एकेचाळीस दिवसांची होऊन वारली. पंधरा वर्षं झाले त्याले. तुमाले माहीत असावं म्हणून सांगतलं.

भुपेंद्र: अरे रे. वाईट झालं जी. आमाले कोणी बोललंच नाही.

रिता: म्हणून मी बोलली.

भुपेंद्र: हौ. बरं केलं. पण मंग... एक विचारू का? रागावजा नको.

रिता: विचारा.

भुपेंद्र: म्हणजे तुमाले लेकरू होऊ शकते.

रिता: का म्हणता, समजलं नाही.

भुपेंद्र: नाही, दादानं सांगतलं होतं का नागपूरच्या डॉक्टरनं सगळं तपासलं, हिले होणार नाही म्हणून. तुमाले माहीतच असन, असं वाटलं मले. आमच्या मायनं त्याच्यावरच तं हो म्हटलं.

रिता: त्याच्यावर.

भुपेंद्र: कसं आहे जी, माही बायको गेली तवा लहाना अडीच वर्षांचा होता. आता सहाचा आहे. माय म्हणते, येणारीले आपलं लेकरू झालं का पहिल्यांचे हाल होतेत. तिनं स्वतः भोगलं आहे, सावत्र मायजवळ वाढली ते. म्हणून आमी पाहतच तशी होतो.

रिता: तशी म्हणजे?

भुपेंद्र: म्हणजे... आता कसं म्हणू? जिले काही इश्यू नाही आन पुढंही होणार नाही, अशी. मी तुमाले दोष देत नाही, बाई. मी आता मायले विचारतो आन दहा मिनिटांत सांगतो, येतो का नाही ते.

रिता: विचारू नका. येऊ बी नका. तुमी खरं बोलले, बरं वाटलं. लहान्याले सांभाळा.

भुपेंद्र: हौ जी. दादाले म्हणाव, आमचा राग नाही. ठेवतो.

धर्मेंद्र: झालं समाधान?

रिता: नागपूरच्या कोणत्या डॉक्टरकडं नेलं होतं तू मले?

धर्मेंद्र: पेढे वापस घेत नाही तो दुकानवाला.

रिता: दादा, कोणता डॉक्टर?

धर्मेंद्र: कोणताच नाही! ऐकलं? कोणताच नाही. मी खत-बियाण्याच्या दुकानात बसतो, गिऱ्हाइकाले का पाहिजे ते मले समजते. ज्याले पोरं पाहिजे त्याले पंचवीस वर्षांची पाहिजे. ज्याले नाही पाहिजे त्यालेच सदतीसवाली चालते. मंग मी का सांगू त्याले? का हिले बी पोर होऊ शकते?

अपेक्षा: बाबा!

धर्मेंद्र: काय बाबा? बाबा बाबा का? मी मेलो तं हिले कोण पाहीन? तू लग्न करून जाशीन. माहे हातपाय चालून राहिले तंवर हिचं घर उभं करून द्यावं म्हटलं, एवढंच माहं पाप आहे.

रिता: वांझ म्हणून?

धर्मेंद्र: मी तो शब्द वापरला नाही.

रिता: नाही. तू इंग्रजीत सांगतलं. इंग्रजीत बरं दिसते.

धर्मेंद्र: तू आता कशीही बोल.

रिता: त्या घरी गेली असती मी, दादा. आज हो म्हटलं असतं मी, खरं सांगते. त्याचे दोन लेकरं पाहून हो म्हटलं असतं. लेकरांचं करायची सवय आहे मले. आन कधी काळी मले दिवस गेले असते तं? त्याच्या मायनं मले का म्हटलं असतं? माहा भाऊ खोटा बोलला असं नसतं म्हटलं तिनं. दुसरंच काही म्हटलं असतं, तुले समजते का?

धर्मेंद्र: इतका इचार मी केला नव्हता.

रिता: तिले पारीवर पुरलं, त्याचं दुःख दोघांचंही आहे. मंग कागदात पुरलं. आता मलेही त्याच्यातच लोटून राहिला होता. आन मी निळी साडी घालून चहा घेऊन आली असती. अपू, तो माहा बायोडाटा तुह्याच मोबाइलवर बनवला होता ना? काढ.

अपेक्षा: काढला.

रिता: ‘नो इश्यू’ खोड.

अपेक्षा: खोडलं. आता काय लिहू? ‘वन इश्यू, डिसीज्ड’ असं लिहितात.

रिता: इश्यू नको. मुद्दा त्याच्यातच, अंक त्याच्यातच, हरकत त्याच्यातच. डॉटर लिव. त्या शब्दाले एकच अर्थ आहे.

धर्मेंद्र: आता हे कोणाले पाठवशीन?

रिता: पुढच्या महिन्यात भंडाऱ्याले मेळावा आहे, त्यांच्या पुस्तकात छापाले तू फोटो आन कागद देणार होता ना? हाच जाईन.

धर्मेंद्र: एक माणूस दारात येणार नाही.

रिता: नाही येईन तं नाही येईन. तसंही जे येऊन राहिले होते, थे माह्यासाठी कुठं येऊन राहिले होते?

धर्मेंद्र: मी देत नाही ते छापाले. चार लोकांत माही इज्जत आहे.

रिता: तू नको देऊ. फॉर्म भराले भंडाऱ्याले मी जाणारच आहो परवा, एसटीनं. वाटेत मेळाव्याच्या ऑफिसात देऊन देईन. तुही सही नाही लागत त्याले.

अपेक्षा: जन्मतारीख लिहू का आत्या? आणि वारली ती?

रिता: दोन्ही लिव. सांगते.

धर्मेंद्र: लिवा! सगळंच लिवा! नावही लिवून टाका. नाव तं ठेवलंच नव्हतं, गुड्डी गुड्डी करत होतो आपण.

रिता: ठेवलं होतं दादा. बारशाले तूच घुगऱ्या वाटल्या होत्या. त्या पाळण्याजवळ उभा राहून तू पहिले तिच्या कानात म्हटलं होतं.

धर्मेंद्र: मी?

रिता: तू.

धर्मेंद्र: मले आठवत नाही, रिता. खरंच आठवत नाही. पारीवरचं सगळं आठवते. नाव आठवत नाही.

रिता: राहू दे. अपू, इकडं आण मोबाइल, मी टाकते. ...अवं, तू तं लिवूनही टाकलं. ‘तृप्ती.’ तुले कोणं सांगतलं?

अपेक्षा: कोणी नाही. मी तुझ्याच खोलीत झोपते ना, आत्या. झोपेत हाका मारते तू तिले.